पैसे देण्याआधी पेनड्राइव्ह : लिनक्ससाठी लॅपटॉप निवडताना

चतुर्थीच्या आधी भाच्याचा फोन आला. फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला होता. "मामा, लॅपटॉप घ्यायचाय. लिनक्स नीट चालेल असा. कुठल्या कंपनीचा घेऊ?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, आणि दर वेळी मी तोच उलटा प्रश्न करतो : आत वायफायची चिप कुठली आहे? समोरचा गप्प होतो. दुकानदार तर हमखास गप्प होतो. पण विंडोजऐवजी मशीन चालवणाऱ्या या लिनक्सचं कंपनीशी वाकडं नसतंच. असलं तर चार-पाच चिपांशी असतं. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच रंगाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर एक पहिल्या मिनिटापासून सुरळीत चालेल आणि दुसऱ्याचं वायफाय दिसणारच नाही, इतका फरक पडू शकतो.

हे मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी पणजीत एका सेलमध्ये पातळसा, चकचकीत लॅपटॉप उचलला. घरी फोंड्याला आणला, विंडोज पुसलं, लिनक्स टाकलं, आणि वायफायच्या यादीत काहीच येईना. अख्खा पावसाळा फोन केबलने जोडून इंटरनेट वापरलं. झाकण लावून पिशवीत टाकला की तो झोपायचाच नाही. घरी येऊन बाहेर काढावा तर तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी शून्य. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मी पाहिलं नव्हतं.

आधी कामाची यादी, मग मशीनची

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण हिच्यातच अर्ध्या लोकांचा प्रश्न सुटतो. तुमचं रोजचं काम कुठल्या सॉफ्टवेअरवर अडून आहे, ते कागदावर लिहा. ब्राउझर, ईमेल, लिब्रेऑफिस, प्रोग्रामिंग, व्हिडिओ बघणं, झूमवरची मीटिंग : यासाठी लिनक्सवर काहीच अडत नाही. टॅली मात्र विंडोजचं आहे. फोटोशॉप, इनडिझाइन लिनक्सवर येत नाहीत. छापखान्यात श्रीलिपीवर काम करणाऱ्याने पूर्ण उडी मारू नये. त्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत, त्या उघडायला तीच व्यवस्था हवी. सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं. त्याचं लिनक्ससाठीचं ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, टोकनच्या कंपनीने दिलंय का, हे लॅपटॉप घेण्याआधी बघायचं.

प्रिंटरही या यादीत घ्या. आपल्याकडे झेरॉक्सवाल्यांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांकडे दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर कॅप्ट नावाच्या स्वतःच्याच भाषेत बोलतो. लिनक्सवर तो चालवता येतो, पण बरीच खटपट करावी लागते. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना एचपीलिप हे तयार ड्रायव्हर आहे, आणि नवे वायफाय प्रिंटर बऱ्याचदा ड्रायव्हरशिवायच जोडले जातात.

यादीत एखादंच विंडोजचं काम असेल तर दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवता येतात. त्यासाठी डिस्क मात्र ५१२ जीबीची घ्या, २५६ मध्ये दोघांची कुचंबणा होते.

चिपा ओळखा

वायफायपासून सुरुवात करतो, कारण रडगाणं इथूनच सुरू होतं. इंटेलचं वायफाय कार्ड असेल तर डोळे मिटून पुढे जा. त्याचं ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतं. फक्त कर्नल कार्डाइतकं नवं हवं : एएक्स२०० साठी ५.१ आणि एएक्स२१० साठी ५.१० च्या पुढचं. आज कुठलंही चालू वितरण (उबुंटू, मिंट, डेबियन अशी तयार मिळणारी लिनक्सं) घेतलं तर ही अट आपोआप पूर्ण होते. मीडियाटेकचं एमटी७९२१ हे एएमडीच्या लॅपटॉपांत खूप दिसतं, तेही कर्नल ५.१२ पासून आत आलंय. रिअलटेकचं प्रकरण क्रमांकागणिक बदलतं. स्वस्त लॅपटॉपांत भरपूर सापडणारं आरटीएल८८५२बीई हे कार्ड कर्नल ६.२ मध्ये आलं. म्हणजे ६.१ कर्नल असलेल्या डेबियन १२ च्या पेनड्राइव्हवर ते मुकं राहील, आणि ६.८ वर निघालेल्या उबुंटू २४.०४ वर त्याच टेबलावर बोलायला लागेल. कार्ड तेच, लॅपटॉप तोच. "माझ्याकडे चालत नाही" आणि "माझ्याकडे तर मस्त चालतं" असं म्हणणारी दोन्ही माणसं खरं बोलत असतात, ती अशी.

ब्रॉडकॉम दिसलं, विशेषतः जुन्या मॅकबुकात, तर ड्रायव्हर वेगळं उतरवावं लागेल हे धरून चाला. ते उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवं, असा पेच पडतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायचं; बहुतेक फोनांना लिनक्स लगेच ओळखतं.

नावडतं कार्ड बदलताही येतं, ते सुट्या एम.२ खाचेत असेल तर. पातळ मॉडेलांत बोर्डावरच डाकलेलं असतं, तिथे इलाज नाही. सुटं कार्ड घ्यायचं तर एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ किंवा एएक्स२११ स्वस्त मिळालं म्हणून आणू नका. ही कार्डं अर्धवट असतात, त्यांचा उरलेला भाग इंटेलच्या प्रोसेसरात असतो, आणि एएमडीच्या मशीनमध्ये ती चालतच नाहीत. आणखी एक : साधारण दहा वर्षांपूर्वीपर्यंतच्या लेनोवोच्या अनेक थिंकपॅडांच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, मान्य कार्डांची यादी असायची, तिच्याबाहेरचं कार्ड बसवलं की मशीन सुरूच व्हायचं नाही. टी४३०, एक्स२३० घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ग्राफिक्सचं थोडक्यात. इंटेल किंवा एएमडी असेल तर ड्रायव्हर कर्नलसोबतच येतं. एनव्हिडिया असेल तर स्वतःला विचारा : खरंच हवंय का? गेम किंवा मशीन लर्निंगसाठी हवं असेल तर घ्या. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, आणि जीटीएक्स १६ व आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांची स्थिती आता बरी आहे. पण फक्त "भारी वाटतं" म्हणून घेतलं तर बॅटरी जाईल, पंखा बोंबलेल आणि कर्नल बदललं की ड्रायव्हरची तपासणी आलीच. त्यातही एक खोच आहे. एनव्हिडियावाल्या बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआयचं भोक त्या कार्डालाच जोडलेलं असतं. ड्रायव्हर नसलं तर प्रोजेक्टरवर काहीच दिसत नाही, आणि हे नेमकं सेमिनारच्या दिवशी कळतं.

उरलेल्यांपैकी बोटाचा ठसा घेणारा सेन्सर नाही चालला तर पासवर्ड टाइप करायचा, बस. कॅमेऱ्याकडे मात्र बघा. यूएसबीवरचा साधा कॅमेरा नेहमी चालतो. पण इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांतल्या काही पातळ, महागड्या मॉडेलांत आयपीयू६ या प्रकाराचा कॅमेरा असतो आणि तो लिनक्सवर चालू करताना भलेभले दमलेत. नव्या मशीनमध्ये स्पीकरचीही गंमत असते : हेडफोनमध्ये आवाज येतो, स्पीकर गप्प. त्यामागे स्पीकरची वेगळी ॲम्प्लिफायर चिप असते, तिचा पाठिंबा कर्नलमध्ये मागाहून येतो. म्हणून कालच बाजारात आलेलं मॉडेल घेऊ नये. वर्षभर जुनं घ्यावं. तोवर दुसऱ्यांनी डोकेफोड केलेली असते.

स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप आणि ॲपलच्या एम मालिकेची मॅकबुकं पहिल्या लिनक्ससाठी घेऊ नका. आसाही नावाच्या प्रकल्पाने एम१ आणि एम२ वर थक्क करणारं काम केलंय, पण ते हौशी माणसाचं क्षेत्र.

नवा की वापरलेला

भाच्याचं बजेट पंचवीस हजार होतं. या पैशांत नवा लॅपटॉप मिळाला, तरी कसा मिळतो ते बघा. दुकानातल्या पाटीवर "रायझेन ५, ७००० सिरीज" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू हे तिन्ही त्याच सिरीजचे. यात तिसरा आकडा बघायचा, तो प्रोसेसरच्या आतल्या रचनेची पिढी सांगतो : २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. म्हणजे ७५२०यू हा नव्या कपड्यातला जुना पाहुणा. वर त्याला एलपीडीडीआर५ हीच रॅम लागते, आणि ती बोर्डावर डाकलेली असते. ८ जीबीचा घेतला तर मरेपर्यंत ८ जीबी. चारही वर्षं वापरायच्या मशीनला हे परवडत नाही.

म्हणून मी त्याला वापरलेल्या बिझनेस लॅपटॉपांकडे वळवलं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी शेकड्यांनी लॅपटॉप काढतात, ते लॉट मुंबई-बंगळुरूच्या बाजारांत फिरतात, आणि तिथून म्हापसा, मडगावच्या दुकानांत "रिफर्बिश्ड" म्हणून पोचतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची जवळजवळ सगळी मशीनं विंडोजवाल्यांना नकोशी झालीत. लिनक्सला ती मजेत चालतात. घासाघीस करायला यापेक्षा चांगला मुद्दा नाही.

तरी पैसे असतील तर आठवी पिढी घ्या. सातवीत कमी वीज खाणाऱ्या यू मालिकेला दोन कोअर असायचे, आठवीत आय५ आणि आय७ ला चार झाले. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही तीन नावं लिहून ठेवा. तिघांत रॅमच्या दोन-दोन खाचा आहेत, म्हणजे ८ घेऊन पुढे १६ करता येते. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. आपल्याकडे पावसात वीज गेली की तासभर तरी येत नाही, तेव्हा तिची किंमत कळते. टी४८०एस मात्र वेगळा. त्या एका अक्षरापायी एक खाच कमी होते आणि बाहेरची बॅटरीही जाते.

पडद्याचं विचारायला विसरू नका. १३६६ बाय ७६८ चा असेल तर सोडा, १९२० बाय १०८० चा मागा. स्वस्त लॉटमध्ये पहिलाच जास्त असतो.

नवाच घ्यायचा असेल तर डॉस किंवा उबुंटूसह मिळणारा प्रकार आहे का ते विचारा, विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतात. उबुंटू प्रमाणित मशीनांची यादी इंटरनेटवर आहे. पण त्या यादीत नेमका तुमचा प्रकार हवा. लेनोवोच्या पीएसआरईएफ या यादीत एकेका मॉडेलला कुठकुठली वायफाय कार्डं बसतात ते छापलेलं असतं. तिथे तीन पर्याय दिसले, तर तुमच्या हातात येणाऱ्या डब्यात त्यातलं कुठलंही असेल असं समजा. आर्च विकी या लिनक्सच्या माहितीकोशात एकेका मॉडेलची पानं आहेत, आणि लिनक्स हार्डवेअर नावाच्या साइटवर लोकांनी आपापल्या मशीनांचे तपासणी अहवाल टाकलेत. तिथे मॉडेल शोधा, खाली उतरा आणि कर्नलचा आकडा बघा. आकडा न बघता वाचलेला अभिप्राय फुकट.

पेनड्राइव्ह

घरी बसून एक पेनड्राइव्ह तयार करा, ८ जीबी किंवा मोठा. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची आयएसओ फाइल उतरवा, रूफस किंवा एचर हे साधन वापरून पेनड्राइव्हवर लिहा. व्हेंटॉय छान आहे, त्यात एका पेनड्राइव्हवर पाच वितरणं मावतात, पण सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर ते पहिल्यांदा एक किल्ली नोंदवायला सांगतं. दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनमध्ये किल्ल्या नोंदवणं बरं दिसत नाही. उबुंटूचा साधा पेनड्राइव्ह सिक्युअर बूट बंद न करता उठतो. दुकानासाठी तोच न्या.

काउंटरवर

म्हापशाला गेलो तो शुक्रवार होता, म्हणजे आधी पार्किंगसाठी अर्धा तास. दुकानदाराने टी४८० काढून समोर ठेवला, फडक्याने पुसला. भाच्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, तसा दुकानदार म्हणाला, "किदें करतात तुमी?" मी म्हटलं, काही पुसत नाही, फक्त पेनड्राइव्हवरून चालवून बघतो, डिस्कला हात लागणार नाही. हे आधीच सांगा. इन्स्टॉलचं बटण दाबू नका, "ट्राय" निवडा. नाही म्हणणारा दुकानदार भेटला तर मी तिथून घेत नाही. नव्या, सीलबंद मालाला तो नाही म्हणणारच. तेव्हा मांडून ठेवलेल्या नमुन्यावर चालवू द्या म्हणावं, किंवा परतीची मुदत लेखी घ्यावी.

पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनू लागतो. त्यासाठी लेनोवो आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९, आसूसला बहुधा एस्केप. मशीन इतकं झपकन विंडोजमध्ये गेलं की कळ दाबायलाच मिळत नसेल, तर विंडोजमधून शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि "यूज अ डिव्हाइस" निवडा.

डेस्कटॉप आला की क्रम असा. फोनचा हॉटस्पॉट लावून वायफाय जोडा, आणि नुसतं जोडून थांबू नका, एक व्हिडिओ दोन मिनिटं चालवा. त्यातच स्पीकर कळतो. आवाजाच्या आणि उजेडाच्या कळा दाबा. कॅमेरा उघडा, माइकवर बोलून रेकॉर्ड करा. ब्लूटूथने फोन शोधा. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा. सगळ्या यूएसबी भोकांत तोच माउस फिरवा. एचडीएमआय दुकानातल्या टीव्हीला लावून बघा. दुकानदाराला तेवढा विरंगुळा.

मग टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ही आज्ञा इंग्रजी लहान लिपीत टाइप करा, एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'के'. आतल्या चिपांची यादी येते. प्रत्येकीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ शोधायची. नेटवर्क कंट्रोलरखाली ती नसेल तर उठा आणि चहाला जा. यादीचा फोनवर फोटो काढून ठेवा, घरी शोधाशोध करायला लागतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी, जी कोणी करत नाही. बॅटरीचा टक्का लिहून घ्या. झाकण लावा. पंधरा मिनिटं थांबा. तोवर भाच्याने कीबोर्डाच्या किमती विचारल्या. झाकण उघडल्यावर दोन सेकंदांत पडदा यायला हवा, वायफाय आपोआप जोडलं जायला हवं, खालचा भाग गार हवा आणि टक्का फार तर एकाने घसरलेला हवा. माझ्या त्या चकचकीत लॅपटॉपवर हीच चाचणी केली असती तर मी तो तिथेच ठेवून आलो असतो. जुन्या मशीनांत एस३ ही खोल झोप असते, नव्यांपैकी अनेकांत कंपन्यांनी ती काढून "मॉडर्न स्टँडबाय" दिलंय, ज्यात मशीन अर्धवट जागं राहतं. काही थिंकपॅडांच्या बायोसमध्ये "स्लीप स्टेट" असा पर्याय असतो, त्यात चक्क "लिनक्स" लिहिलेलं सापडतं. तो असेल तर निवडा.

बॅटरी किती उरलीय तेही सॉफ्टवेअर सांगतं. मिंटमध्ये पॉवरच्या माहितीत दोन आकडे मिळतात : बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आजची. भाच्याच्या मशीनला बाहेरची बॅटरी २४ वॅट-तासांची होती, भरल्यावर १४ च उरत होते. म्हणजे ६० टक्क्यांच्याही खाली. आम्ही आकडा दाखवला, दुकानदाराने दुसरी काढून लावली. न दाखवता नुसतं "बॅटरी बरी आहे ना?" विचारलं असतं तर "फर्स्टक्लास" हेच उत्तर होतं.

शेवटी बायोस. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. आत शिरताना पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा. आधीच्या कंपनीने कुलूप घातलेलं असतं आणि दुकानदाराकडे किल्ली नसते. "सर, तो मागाहून काढून देतो" याला हो म्हणू नका.

खारं वारं

हे पुण्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वापरलेला लॅपटॉप उलटा करा आणि स्क्रू बघा. गंज असेल, यूएसबीच्या भोकात तांबूस-हिरवट काही दिसत असेल, बिजागरी करकरत असेल, तर ते मशीन समुद्राजवळ किंवा ओलीत दिवस काढून आलंय. पडदा काळा करून तिरप्या उजेडात बघा, कडेने बुरशीचे ठिपके दिसतात. जमलं तर मागचं झाकण उघडू द्या म्हणा. बिझनेस मॉडेलांत पाच-सहा स्क्रूंचं काम असतं. पंख्याच्या जाळीत किती धूळ आहे आणि रॅमची दुसरी खाच खरंच मोकळी आहे का, दोन्ही कळतं.

घरी आल्यावर जून ते सप्टेंबर त्याला कपाटात कोंडू नका. रोज तासभर चालवला की आतली उष्णताच त्याला कोरडा ठेवते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

घरी आल्यावर

विंडोज ठेवायचं असेल तर सगळ्यात आधी बिटलॉकर बघा. विंडोज ११ च्या नव्या मशीनांत डिस्क बऱ्याचदा आपसूक कूटबद्ध केलेली असते. रिकव्हरी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा, मग बिटलॉकर बंद करा, फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा. डेटाची प्रत बाहेर काढलेली नसेल तर या परिच्छेदातलं काहीही करू नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, असं झालं तर घाबरायचं कारण नाही. इंटेलच्या मशीनांत बायोसमध्ये स्टोरेज "आरएसटी" किंवा "व्हीएमडी" वर ठेवलेलं असतं, ते बदलून एएचसीआय करावं लागतं. पण विंडोज ठेवलेल्या मशीनवर सरळ बदललं तर विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सेटिंग करायची, मग बायोसमध्ये बदल, मग एकदा सेफ मोडमधून जाऊन सेटिंग पूर्ववत.

विंडोज पूर्ण पुसलं म्हणून परवाना जात नाही. कारखान्यातून विंडोजसह आलेल्या मशीनची किल्ली फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपेत असते, पुन्हा टाकलं की आपोआप सक्रिय होतं. हे कळल्यावर भाच्याच्या वडिलांचा जीव भांड्यात पडला.

लिनक्स बसलं की फर्मवेअरचे अपडेट बघा. डेल, लेनोवो आणि एचपीच्या बिझनेस मॉडेलांना ते एलव्हीएफएस या सेवेतून थेट लिनक्सवर येतात, विंडोजची गरज पडत नाही. आणि चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घाला, लॅपटॉप कायम प्लगला असेल तर जरूरच. उबुंटूत दिसणाऱ्या जीनोम या डेस्कटॉपच्या ४८ व्या आवृत्तीपासून ही सोय सेटिंग्जमध्ये आलीय; इतरत्र टीएलपी नावाचं साधन आहे.

मग मराठी. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भारताखाली मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा मिळतो, आणि फोनेटिक हवा असेल तर कगप. कोकणी देवनागरीत लिहिणाऱ्यांनाही हाच चालतो. आमच्या वाड्यावर उत्सवाच्या नाटकाची संहिता टाइप करणारे एक काका आहेत. त्यांना इनस्क्रिप्ट लावून दिला तेव्हा पहिली तक्रार आली ती "तऱ्हा" या शब्दाची. र साठी असलेली कळ शिफ्टसह दाबली की ऱ येतो, पुढे हलन्त आणि ह. एवढं दाखवल्यावर त्यांनी एका बैठकीत पहिला अंक संपवला. रुपयाच्या चिन्हासाठी इंग्रजीचा भारतीय आराखडा निवडा, मग उजवा ऑल्ट आणि ४. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट वेगळा ठरवावा लागतो. भाषेच्या सेटिंग्जमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडायची, नाहीतर फॉन्ट बदलला तरी अक्षरं तशीच राहतात आणि माणूस लिनक्सला शिव्या घालतो.

भाच्याचा टी४८० चाललाय. बोटाचा ठसा तेवढा घेत नाही. परवा त्याच्या मित्राला लॅपटॉप घ्यायचा होता, तर दोघं कदंबच्या बसने मडगावला गेले. मला फोन आला तो एवढंच विचारायला, की पेनड्राइव्हवरचं उबुंटू जुनं झालंय का.